चौदा माणसांचा ओटा

मार्चमधल्या एका सोमवारी आमच्या स्वयंपाकघरातला ओटा दिवसातून किती वेळा पुसला जातो ते मी मोजलं. फ्रिजशेजारच्या कालनिर्णयला पेन्सिल बांधली आणि घरात जाहीर केलं, की ज्याने फडकं फिरवलं त्याने एक रेघ मारायची. रात्री साडेदहाला अठरा रेघा होत्या. त्यातली एक धाकट्या पुतण्याची. त्याने ओटा पुसला नव्हता, रेघ मारायला आवडते म्हणून मारली होती. म्हणजे सतरा.

घरात आम्ही चौदा जण. सासू-सासरे, तीन भाऊ, आम्ही तिघी जावा आणि प्रत्येकीची दोन-दोन मुलं. मागच्या अंगाला टॉवेलचे यंत्रमाग आहेत, तिथल्या सहा जणांचा दोन वेळचा चहा घरातूनच जातो. मी थोरली. शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते, त्यामुळे सकाळी सात ते साडेदहा आणि संध्याकाळी पाचनंतर ओट्यावर माझा हक्क, मधल्या वेळात बाकीच्या दोघींचा. आत्याबाईंचा, म्हणजे सासूबाईंचा, हक्क चोवीस तास.

मोजदादीची पाळी आली कारण फेब्रुवारीत ओटा फुटला. १९९१ साली घर बांधलं तेव्हाचा तो कडप्पा, नऊ फूट लांब. लग्न होऊन मी आले तेव्हाच त्याला शेगडीपुढे एक उथळ खळगा पडलेला होता, घासून घासून. मग २००६ मध्ये स्टीलचं सिंक बसवायचं ठरलं. मिस्त्रीने कडप्प्यात चौकोनी भोक पाडलं, चारही कोपरे अगदी काटकोनात, पट्टी लावून काढल्यासारखे. सगळ्यांनी कौतुक केलं. दोनेक वर्षांत त्यातल्या एका कोपऱ्यातून केसाएवढी रेघ निघाली. कागदाला चौकोनी खाच देऊन ओढा, तो खाचेच्या टोकापासूनच फाटतो. दगडाचंही तेच. सगळा ताण त्या टोकदार कोपऱ्यात गोळा होतो. कोपरा जरा गोलसर ठेवला असता तर ताण पसरला असता. आम्ही त्या रेघेत पांढरं सिमेंट भरलं, मग एम-सील, मग पुन्हा एम-सील. शेवटी शेंगाची चटणी कुटताना लोखंडी खलबत्त्याचा एक घाव बसला आणि सिंकपुढची पट्टी खाली आली. मधल्या जावेच्या पायावर पडता पडता वाचली.

त्या रात्री जेवणं झाल्यावर सभा बसली. मामा, म्हणजे सासरे, म्हणाले, शहाबाद बसवा. त्यांचं बालपण शहाबादी फरशीवर गेलंय. वाडीकडे जाणाऱ्या गाडीत गुलबर्गा सोडलं की शहाबाद स्टेशन येतं, आणि तिथली फरशी सोलापूरच्या जुन्या घरात जिन्यापासून न्हाणीपर्यंत सगळीकडे दिसते. आत्याबाई म्हणाल्या, कडप्पाच हवा, तेलाचा हात फिरवला की आरशासारखा होतो. यांचं म्हणणं, हॉटेलात असतं तसं स्टील करून टाकू. धाकट्या जावेने मोबाईल पुढे केला. पांढराशुभ्र क्वार्ट्झचा ओटा, त्यावर काचेच्या बरणीत एकच लिंबाची फांदी. "ताई, असं." मी विचारलं, या घरात किती माणसं राहतात गं? ती म्हणाली, फोटोत तर कुणीच नाही.

मधली जाऊ एवढंच बोलली, "काहीही बसवा, पण गुढीपाडव्याच्या आधी." ते काही जमलं नाही.

आठवडाभर मी कुठल्याही दुकानात गेले नाही. फक्त बघत राहिले. फुटलेल्या भागावर फळी टाकून काम चालू होतं. पहाटे पाचला चहाचं मोठं पातेलं उतरतं ते थेट दगडावर. त्याखाली काही ठेवावं हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. कढई, कुकर, भाकरीचा लोखंडी तवा, सगळं तसंच. जाळीचं स्टँड आम्ही दोनदा आणलं, दोन्ही वेळा ते मुलांनी गाडी-गाडी खेळायला नेलं. चिंचेचा कोळ रोज सांडतो, कारण आमटीत चिंच-गूळ रोज. लिंबू कापलेलं पडून राहतं. हळदीच्या डब्याचं झाकण दिवसातून एकदा तरी हातातून सुटतं. शेंगा कुटल्या जातात. मिक्सर आहे, पण मिक्सरमधली चटणी या घरात चटणी धरली जात नाही. बारा किलोचा पिठाचा डबा ओट्यावर दाणकन ठेवला जातो. आणि पाणी. पाण्याकडे माझं लक्ष जायला जरा उशीरच झाला.

मग दुकानांतून नमुन्याचे तुकडे आणले. पांढरा मार्बल, काळा ग्रॅनाइट, टॅन ब्राउन नावाचा तपकिरी ग्रॅनाइट आणि पांढरा क्वार्ट्झ. पाचवा तुकडा आमच्याच मोडक्या कडप्प्याचा. गच्चीवर कठड्याला ओळीने मांडले आणि प्रत्येकाखाली खडूने नंबर टाकला. घरातल्यांना वाटलं, शाळेतलं वेड घरी आणलंय. पण दुसऱ्या दिवशी सगळेच गच्चीवर.

लिंबाची फोड रात्रभर. सकाळी मार्बल आणि कडप्पा दोघांवर फोडीच्या आकाराचा निस्तेज ठसा. यात नवल काही नाही. मार्बल, कडप्पा, कोटा, शहाबाद हे दिसायला वेगवेगळे, पण सगळ्यांचा मुख्य जीव कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल पडलं की तो विरघळतो. नववीत चुनखडीवर आम्लाचे थेंब टाकून बुडबुडे दाखवतो तोच प्रयोग, फक्त सावकाश. म्हणजे चिंच, लिंबू, दही, टोमॅटो, आमसूल या सगळ्यांशी त्यांचं वाकडं. हे डाग पुसून जात नाहीत, कारण तो डाग नसतोच. तिथला पॉलिश गेलेला असतो. आत्याबाई कडप्प्यावर तेलाचा हात का फिरवायच्या ते मला त्या दिवशी नीट कळलं. तेलाने ते पांढुरके ठसे झाकले जातात.

सुरीची ओरखड. काठिण्य एक ते दहा अशा मोजपट्टीवर मोजतात. कॅल्साइटचं, म्हणजे मार्बल-कडप्प्यातल्या त्या कॅल्शियम कार्बोनेटचं, तीन, पोलादी सुरीचं साडेपाचच्या आसपास, ग्रॅनाइटमधल्या फेल्डस्पारचं सहा, क्वार्ट्झचं सात. त्यामुळे कडप्पा आणि मार्बलवर रेघ उठली, बाकीच्या तिघांवर उठली ती सुरीचीच झीज होती, बोटाने पुसली गेली. ग्रॅनाइटवर भाजी चिरू नका असं सांगतात ते ओट्याच्या काळजीने नाही, सुरीच्या.

हळद तेलात कालवून लावली आणि दुसऱ्या दिवशी साबणाने धुतली. मार्बलवरचा डाग आधी लालभडक झाला, मग पिवळट उरला. हळद अल्कलीत लाल होते, हे मुलांना शिकवताना मजा येते, स्वतःच्या ओट्यावर बघताना येत नाही. क्वार्ट्झवरही फिकट पिवळी छटा राहिली. धाकटी म्हणाली, ऊन द्या, जाईल. आणि खरंच गेली. हळदीचा रंग उन्हात विरतो, सोलापूरच्या उन्हात तर लवकरच. पण आमच्या स्वयंपाकघराला खिडकी उत्तरेची, ओटा उन्हात कसा ठेवणार?

मग तवा. भाकरीचा तापलेला तवा प्रत्येक तुकड्यावर एकेक मिनिट. क्वार्ट्झवर पिवळसर गोल उठला, जरासा जळका वासही आला. हा गोल आजही आहे. क्वार्ट्झ म्हणून जो ओटा विकतात तो खाणीतून अखंड निघत नाही. दगडाची पूड आणि खडे नव्वद टक्क्यांच्या वर, आणि ते धरून ठेवायला राळ, म्हणजे रेझिन. खड्यांना उष्णतेचं काही नाही. राळ मात्र दीडशे अंशांच्या पुढे टिकत नाही, आणि फोडणीचं तेलसुद्धा त्याच्या वर जातं. ज्या घरात दोन माणसं आहेत आणि दोघंही कढईखाली न विसरता लाकडी चकती ठेवतात, तिथे क्वार्ट्झ उत्तम. डाग कमी, पाणी शोषत नाही, रंग हवा तो मिळतो. चौदा माणसांना शिस्त लावण्यापेक्षा दगड बदलणं सोपं.

धाकटी थोडी नाराज झाली. मी तिला म्हटलं, तुझ्या फ्लॅटमध्ये बसवू. ती म्हणाली, कुठला फ्लॅट? त्यावर कुणीच काही बोललं नाही.

शेवटी पाण्याची परीक्षा, जी माझ्या यादीत नव्हतीच. सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, तोवर धुण्याभांड्याला बोअरचं. बोअरचं पाणी इतकं जड की गीझरची कॉइल वर्षभरात पांढरी होते. गच्चीवरचे तुकडे मी रोज बोअरच्या पाण्याने धुऊन तिथेच वाळवत होते. पाचव्या दिवशी काळ्या ग्रॅनाइटवर पांढऱ्या ठिपक्यांची रांगोळी. सगळ्या परीक्षांत पहिला आलेला दगड इथे नापास. दगडाचं काही बिघडलं नव्हतं, क्षार फक्त वर बसले होते आणि व्हिनेगरने निघालेही. पण दिवसातून सतरा वेळा पुसल्या जाणाऱ्या ओट्यावर सतरा वेळा पांढरे फराटे दिसणार. शेजारच्या टॅन ब्राउनवरही तेवढेच क्षार बसले असणार, पण त्याच्या काळ्या अंगावर तपकिरी खड्यांची एवढी गर्दी असते की डोळ्याला सापडत नाहीत. तुमच्याकडे धरणाचं गोडं पाणी रोज येत असेल तर काळाच घ्या, तो जास्त घट्ट असतो. आमच्याकडे रंग बोअरने ठरवला.

टॅन ब्राउन तेलंगणातल्या करीमनगरकडचा. सोन्याचे कण असल्यासारखा दिसणारा ब्लॅक गॅलक्सी आंध्रातल्या चिमाकुर्तीचा. बाजारात ज्याला काळा ग्रॅनाइट म्हणतात तो भूशास्त्राच्या हिशोबात बऱ्याचदा ग्रॅनाइट नसतोच, गॅब्रो किंवा डोलेराइट नावाचा दुसराच दगड असतो. दुकानदाराला हे सांगायला गेले तर तो म्हणाला, "मॅडम, भाव ग्रॅनाइटचाच लागंल."

याच दुकानात एक गंमत झाली. काळा नुसता बघायला म्हणून विचारला होता, तेव्हा त्याने कोळशासारखा एकसारखा काळा तुकडा दाखवला. माझ्या पर्समध्ये पुतणीची नेलपॉलिश काढायची बाटली होती. तिच्यात अॅसिटोन असतं. कापूस भिजवून घासला तर कापूस काळा. म्हणजे राखाडी दगडाला रंग पाजलेला. असा दगड घरी आला की वर्षभरात शेगडीभोवती करडा पडतो आणि मग आपण साबणाला शिव्या देतो. दुकानदार म्हणाला, धूळ असेल. मी दुसऱ्या तुकड्यावर घासून दाखवला, कापूस पांढराच. आम्ही चहा पिऊन निघालो. नाव सांगत नाही, कारण तिथला चहा चांगला होता.

दुसऱ्या दुकानात टॅन ब्राउन पसंत पडला. भाव एकशे नव्वद रुपये फूट. चौरस फूट म्हणायचं, पण बाजारात सगळे फूटच म्हणतात. क्वार्ट्झ त्याच गल्लीत याच्या अडीचपटीच्या पुढे सांगत होते. लादी अठरा मिलिमीटर जाडीची असं बिलावर लिहून घेतलं. आणि घरी उतरवायच्या आधी शाळेच्या प्रयोगशाळेतला व्हर्नियर कॅलिपर घेऊन मी टेम्पोपाशी उभी राहिले. एका कडेला सतरा पॉइंट नऊ. दुसऱ्या कडेला पंधरा पॉइंट आठ. टेम्पोवाला हसायला लागला. पण हसण्यासारखं नव्हतं. दगड वाकताना किती भार सोसेल ते जाडीच्या वर्गावर ठरतं. अठराऐवजी सोळा मिळाले तर जाडी नववा हिस्सा कमी होते, ताकद मात्र पाचवा हिस्सा. लादी परत गेली. दुकानदाराने फोनवर यांना विचारलं, "वहिनी काय करतात?" हे म्हणाले, "मोजतात."

दुकानात जी जाड, गुबगुबीत कड दिसते तिला फसू नका. खालून दोन इंचाची पट्टी चिकटवून कड दुप्पट जाड दाखवतात. शोभेला ठीक आहे, ओट्याची ताकद त्याने वाढत नाही, आणि त्या सांध्यात खालून पाणी आणि पीठ जाऊन बसतं. पिठाच्या मागोमाग झुरळं. आम्ही साधी एकेरी कड अर्धगोल करून घेतली. घरात लहानगा पुतण्या आहे, त्याचं कपाळ बरोबर ओट्याच्या कडेएवढं. कडेच्या खालच्या अंगाला, अर्धा इंच आत, एक बारीक खाच लांबभर मारायला सांगितली होती. वरून ओघळलेलं पाणी त्या खाचेपाशी थांबतं आणि खाली टपकतं, कपाटाच्या दारांवर जात नाही. मिस्त्री ती विसरला. मग पालथी करून मारली, कुरकुर करत.

सांध्यावरून खरा वाद झाला. नवा ओटा एल आकाराचा, एक भिंत अकरा फूट, दुसरी साडेसहा. सगळ्यात लांब लादी साडेनऊ फुटांची. म्हणजे सांधा अटळ. मिस्त्रीला सिंकच्या मधोमध सांधा हवा होता, कारण तिथे दगड कमी असतो, कापायला आणि उचलायला सोपं. पण सिंकपाशी पाणी, म्हणजे सांध्यात कायमचा ओलावा, आणि पुन्हा तीच फुटायची जागा. शेगडीखाली सांधा तर नकोच, तिथे रोज तापणं-निवणं. मी वहीच्या पानाचे दोन तुकडे कापले आणि त्याच्यापुढे ठेवले. साडेसहा फुटांची लादी कोपऱ्यापर्यंत सरळ न्यायची. ओट्याची रुंदी दोन फूट, म्हणजे मोठ्या भिंतीचे दोन फूट तिनेच व्यापले. राहिले नऊ, एक अखंड लादी. सांधा एकच, सिंकपासून लांब, शेगडीपासून लांब, आणि बरोबर ओट्याखालच्या टेकूच्या एका उभ्या कडप्प्यावर टेकलेला. मिस्त्रीने पान फिरवून फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "ह्येच मी म्हणत हुतो." मी मान डोलावली. नऊ फुटांची लादी ऐंशी किलोच्या आसपास भरते, चार माणसं आणि एक मामा ओरडायला, एवढ्यात आत आली.

खालचे उभे कडप्पे आम्ही नेहमीपेक्षा जवळ घेतले, दोन-दोन फुटांवर. त्यातल्या एकाच्या डोक्यावर ओट्यावर मी रंगाने लहानसा ठिपका केलाय. खलबत्ता तिथेच ठेवायचा. घाव बसतो तो सरळ खाली, जमिनीत जातो. दोन टेकूंच्या मधोमध कुटलं तर ग्रॅनाइटसुद्धा एक दिवस बोलेल. आत्याबाईंना हा ठिपका पटकन पटला. त्यांच्या माहेरी उखळ जमिनीतच पुरलेलं होतं.

कापण्याबद्दल थोडं सांगते, कारण यात कुणी बोलत नाही. सिंक आणि नळाची भोकं दुकानातल्या पाण्यावरच्या मशीनवर पाडून आणा, कोपरे गोल ठेवून. दारात ग्राइंडरने कोरडी कापणी करू देऊ नका. आमच्या शेजारी एकांनी गेल्या वर्षी क्वार्ट्झ बसवला, दोन दिवस अख्ख्या बोळात पांढरी धूळ, आणि कापणारं विशीतलं पोरगं नाकाला रुमालसुद्धा न बांधता. त्या धुळीत सिलिका असते. फुप्फुसात गेली की सिलिकोसिस, आणि तो बरा होत नाही. क्वार्ट्झच्या ओट्यात सिलिकेचं प्रमाण ग्रॅनाइटपेक्षा खूप जास्त असतं, म्हणून तर ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून तसल्या ओट्यांवर बंदीच घातली. ग्रॅनाइटमध्येही सिलिका असतेच, म्हणून पाणी हवंच. आमच्याकडे दारात फक्त दोन पट्ट्या कापायच्या होत्या. मी मास्कचं पाकीट ठेवलं. मिस्त्रीने एक मास्क लावला, तो हनुवटीला.

अकरा दिवस स्वयंपाक मागच्या शेडमध्ये झाला, मागांच्या खटखटाटात. मीठ मागितलं की साखर यायची. त्या दिवसांबद्दल एवढंच पुरे.

उंचीचं आधी कुणाच्याच लक्षात आलं नाही. जुना ओटा तीस इंच होता आणि मला पाठदुखी वयाची वाटायची. हात कोपरात वाकवून उभं राहायचं आणि कोपराच्या चार-पाच बोटं खाली ओटा यावा. माझ्या हिशोबाने चौतीस आला, आत्याबाईंच्या हिशोबाने तीस. दोघींचा मध्य काढला तर दोघींची पाठ दुखणार. म्हणून मोठा ओटा तेहतीस इंच ठेवला आणि समोरच्या भिंतीला साडेतीन फुटांचा एक बुटका ओटा केला, अठ्ठावीस इंचाचा. भाकरी थापायला परात तिथे. थापताना खांद्याचा जोर वरून पडायला हवा, उंच ओट्यावर भाकरी थापली की मनगट भरून येतं. दिवसाला चाळीसेक भाकरी-पोळ्या होतात, त्यामुळे हा बुटका ओटा आता घरातली सगळ्यात भांडणाची जागा झालाय. धाकटी मुलं तिथेच उभी राहून अभ्यास करतात.

आणि यांच्या स्टीलचं काय? यांना अगदीच हरवायला नको म्हणून मागच्या दाराशी, जिथे मोठी भांडी विसळून निथळायला ठेवतो, तिथे स्टीलचं टेबल केलं. हॉटेलची टेबलं करणाऱ्याकडून, सोळा गेजचं. तीनशे चार नंबरचं स्टील मागा, त्यात अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल असतं. दुकानात लोहचुंबक लावून दाखवतात आणि चिकटला नाही की म्हणतात, बघा तीनशे चार. दोनशे दोन नंबरचं स्वस्त स्टीलही चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे त्या खेळावर जाऊ नका, बिलावर ग्रेड लिहून घ्या. टेबल जागेवर मस्त आहे. उकळतं ठेवा, ओतून द्या, काही होत नाही. फक्त लोणच्याची बरणी त्यावर ओली ठेवत नाही, मिठाने स्टीलला बारीक छिद्रं पडतात. आणि आवाज! पहाटे पाचला यांनी पातेलं ठेवलं की वरच्या मजल्यावरचं बाळ रडायचं. बाळ मधल्या जावेच्या बहिणीचं, बाळंतपणाला आलेली. मग टेबलाखाली मागाच्या जुन्या पट्ट्याचे रबरी तुकडे चिकटवले. आता ठण् ऐवजी ठप् होतं.

दहा महिने झाले. सांध्यात भरलेला अराल्डाइट किंचित पिवळा दिसायला लागलाय, हात फिरवला तर लागत नाही. एका कडेचा टवका उडाला. कुकर पडला, कुणाच्या हातून पडला ते अजून उघड झालेलं नाही. तपकिरी पूड राळेत कालवून मिस्त्रीने तो भरून दिला, माहीत नसेल तर दिसत नाही. नळाच्या बुडाशी क्षाराची बांगडी बसते, ती दर रविवारी व्हिनेगरच्या फडक्याने दहा मिनिटं झाकून काढते. कडप्पा असता तर हे करताच आलं नसतं, क्षार निघायचे आणि त्याबरोबर ओटाही. मध्यंतरी पाण्याचा थेंब टाकून बघितलं, दहा मिनिटांनी पुसला तर खाली डाग गडद झालेला नव्हता. झाला असता तर पाणी आत मुरू न देणारा सीलर मारायचा होता, अजून तरी गरज नाही.

जुन्या कडप्प्याचा खळग्याचा तुकडा टाकवला नाही. तो मागच्या नळाशी पायरी म्हणून बसवलाय. पावसात त्या खळग्यात पाणी साचतं आणि चिमण्या येतात. पाच नमुने मी शाळेत नेले, ते आता प्रयोगशाळेच्या कपाटात आहेत, क्वार्ट्झवरच्या तव्याच्या गोलासकट.

परवा पोह्यांसाठी मी ओट्यावरच लिंबू ठेवून कापायला घेतलं. आत्याबाई बुटक्या ओट्याशी लसूण सोलत बसल्या होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "ताटलीत चिर की गं, दगड खराब हुतोय." मी म्हटलं, आत्याबाई, हा ग्रॅनाइट, याला लिंबाने काही होत नाही, तुम्हीच गच्चीवर बघितलंय. त्या म्हणाल्या, "बघितलंय. ताटली घे."

घेतली.